वाचणारं माणूस पाहिजे

पाटी पुठ्ठ्याची होती आणि खामगावच्या एसटी स्टँडसमोर एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर लटकत होती. ‘प्रोग्रॅम वाचणारं माणूस पाहिजे. लिहिता येत नसलं तरी चालेल.’ खाली पत्ता होता, फोन नंबर नव्हता. मी पाटीकडे बघत उभी राहिले तसा दुकानदार म्हणाला, “ताई, जायच्या अगोदर सांगतो, तो माणूस जरा सटकेल हाये. मागं एक लग्नात माइकवर बोलणारा गेला होता, त्याले वाटलं कार्यक्रमाचं काही काम असन. गेला तसाच खाली आला बिचारा.”

मी तेव्हा कॉम्प्युटर इंजिनियर होऊन घरी बसले होते. आमचं गाव धाड. वडील धाड-बुलढाणा जीप चालवायचे आणि प्रत्येक फेरीत कोणी ना कोणी त्यांना विचारायचंच, “पोरगी काय करून राह्यली सध्या?” वडील उत्तराऐवजी गिअर बदलायचे. खामगावला मी एका क्लासमध्ये शिकवायची नोकरी मागायला आले होते, तिथे नाही म्हणाले. परतीच्या गाडीला वेळ होता. उन्हात बसण्यापेक्षा सटकेल माणूस बघून यावा, एवढाच माझा विचार होता.

ढेपेच्या, म्हणजे गुरांच्या पेंडीच्या, दुकानावर एक खोली. जिन्यातच सरकीच्या ढेपेचा वास नाकात शिरायचा तो संध्याकाळपर्यंत कपड्यांतून जात नसे. वर एक मोठं टेबल, त्याच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, दोन्हीकडे एकेक पडदा. एका खुर्चीत पन्नाशीचा उंच माणूस बसलेला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पायांत लोकरीचे मोजे. बाहेर मे महिना, खामगावचा. मी मोज्यांकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. “पाय गरम राह्यले का डोकं थंड राहते,” ते म्हणाले. वर गरगरणारा पंखा मात्र त्यांनी माझ्यासाठी वाढवला नाही.

नाव विचारलं नाही, कॉलेज विचारलं नाही. समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, “बस. मोठ्यानं वाच. जिथं कळलं नाही तिथं थांब.”

पडद्यावर त्यांचा प्रोग्रॅम होता. मी परीक्षेत तोंडी देतात तसा घडाघड वाचत सुटले. कुठेच थांबले नाही. नोकरी मागायला आलेलं माणूस ‘कळलं नाही’ कशाला म्हणेल? वाचून झालं.

“सगळं कळलं?”

“हो सर.”

“खोटं. मधात एक जागा अशी हाये का मी काल लिहिली अन् आज मलेच कळून नाही राह्यली. पुन्हा वाच.”

दुसऱ्यांदा वाचताना ती जागा आली आणि मी चाचरत म्हटलं, “कळलं नाही, सर.” त्यावर त्या माणसाचा चेहरा असा उजळला, जशी लग्नघरात वरात पोचल्याची बातमी यावी. टेबलावर हात मारून म्हणाले, “मंग लिहिणाऱ्याचं चुकलं!” आणि लगेच बदलायला बसले. मी तिथेच नोकरीला लागले. परतीची गाडी चुकली ती वेगळीच.

सरांचा सगळा कारभार या एका गोष्टीवर चालायचा. लिहिणाऱ्याने लिहायचं, समोरच्याने मोठ्याने वाचायचं, आणि वाचताना लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. समजावून सांगायचं नाही, ‘म्हणजे कसं की’ म्हणायचं नाही. समोरचा अडला तर चूक लिहिणाऱ्याची, मग समोरचा कितीही मठ्ठ असो. “यंत्राचं काय, त्याच्यापुढं काही बी टाकलं तं ते गिळते,” ते म्हणायचे. “माणसाले चावता आलं पाह्यजे.” मी लिहिलेलं ते आपल्या खुर्चीतूनच, चष्मा कपाळावर चढवून, अशा संथ आवाजात वाचायचे की आपली प्रत्येक चलाखी आपल्याच कानाला टोचावी. मी एकदा पाच ओळींचं काम एका ओळीत बसवलं होतं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. सर त्या ओळीशी थांबले. “हे कोणासाठी लिहिलं वं?” मी गप्प, कारण बोलायचं नव्हतं. “सोताच्याच कौतुकासाठी लिहिलं असन तं घरी ने. शोकेसमधी ठेव.”

त्यांचे प्रोग्रॅम जिल्ह्यातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये आणि तेलाच्या मिलमध्ये चालायचे. कापसाची भरलेली गाडी काट्यावर येते, तिचं वजन होतं, कापूस उतरवून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते, दोन्हींतला फरक म्हणजे कापूस. एवढंच काम. पण ते लिहायच्या आधी सर त्या जिनिंगमध्ये जाऊन दिवसदिवस नुसते बसायचे. काट्याजवळ एका कोपऱ्यात स्टूल टाकून. कोण कुठे अडतं, ऑपरेटर कोणत्या हाताने चहा पितो आणि कोणत्या हाताने बटण दाबतो, सगळं बघायचे. प्रोग्रॅममधली नावंही तिथलीच. भरलेल्या गाडीच्या वजनाला ‘भरलीगाडी’, रिकामीच्या वजनाला ‘रिकामीगाडी’. एक अक्षरही तोडायचं नाही. मी आळसाने एकदा ‘रिकामीगाडी’ऐवजी नुसतं ‘र’ लिहिलं तेव्हा सरांनी मला विचारलं, “तुह्या बापाले तू ‘ब’ म्हणते काय?”

एका शब्दावर त्यांची बंदी होती, ‘तात्पुरतं’. “तात्पुरतं म्हणजे आपण मेल्यावर बी जे राहते ते,” असं ते म्हणायचे.

आणि अडलं की जलंब. खामगावहून जलंबला एक छोटी गाडी जाते, मोठ्या लाइनला जोडणारी. जेमतेम बसून होत नाही तोच उतरायची वेळ. काही सुटत नसलं की सर मोज्यांवर चपला चढवायचे, स्टेशनवर जायचे, जलंबला उतरून चहा प्यायचे आणि त्याच गाडीने परत यायचे. तिथे त्यांचं कोणीही नव्हतं. “जलंबले जाऊन येतो” म्हणजे आज सर हरलेत, हे मला कळायला वेळ लागला नाही. कधीकधी दिवसातून दोनदा जायचे. दुसऱ्यांदा आले की दारातूनच म्हणायचे, “सापडलं!” आणि मी नसते तर ते कोणाला म्हणाले असते, असं मला त्या वयातही वाटायचं.

कारण त्यांना दुसरं कोणी नव्हतंच. तरुणपणी मुंबईत एका मोठ्या कंपनीत होते. आईच्या आजारपणात खामगावला आले, आई गेली, आणि ते राहून गेले. लग्न झालं नव्हतं. गावात त्यांना मान होता, ‘प्रोग्रॅमवाले सर’ म्हणून दुकानदार नमस्कार करायचे. पण आपण दिवसभर काय करतो हे ज्याच्याशी बोलावं, असा माणूस त्या सबंध गावात नव्हता. जिनिंगच्या शेठला प्रोग्रॅम चालतो की नाही एवढंच माहीत. चालतो म्हटल्यावर विषय संपला. सुताराने खुर्ची केली तर लोक निदान हात फिरवून बघतात. सरांच्या कामावर असा हात फिरवणारं कोणीच नव्हतं, म्हणून ती पाटी होती. हा माणूस नोकर शोधत नव्हता, हे मला फार उशिरा उमगलं.

मुहूर्ताची गोष्ट सांगितल्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

आमच्याकडे कापसाचा हंगाम सुरू होतो तेव्हा जिनिंगमध्ये पहिल्या गाडीचा मान असतो. काट्याची पूजा, नारळ, गाडीवाल्या शेतकऱ्याला शेला-टोपी. आणि त्या पहिल्या गाडीला शेठ शकुन म्हणून बाजारापेक्षा भलताच चढा भाव देतो. हे लहान पोरालाही माहीत. त्या वर्षी एका जिनिंगमध्ये सरांचा नवा प्रोग्रॅम बसवला होता आणि सकाळी तिथून मुनीमजींचा फोन आला. सर फोन घेत नसत, तो मीच घ्यायची. “बाई, मुहूर्ताची गाडी काट्यावर उभी हाये अन् तुमचं मशीन पावती देऊन नाही राह्यलं. ‘भाव तपासा’ म्हणते. लोकं हसून राह्यले. शेठजींच्या आईच्या हातात आरतीचं ताट हाये कधीचं.”

मी सरांना सांगितलं. त्यांचा विश्वासच बसेना. ऑपरेटरच्या हातून एखादं शून्य जास्त पडू नये म्हणून, आदल्या भावापेक्षा फार वेगळा भाव घ्यायचाच नाही, अशी अट त्यांनी मुद्दाम घातली होती. त्या अटीचा त्यांना अभिमान होता. मी वाचली होती, मलाही ती पटली होती. फक्त ही अट मुहूर्ताच्या गाडीला लागेल हे वाचताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“पण सर, मुहूर्ताचा भाव तर वेगळाच असतो ना?”

“कोणता मुहूर्ताचा भाव?”

मला आधी वाटलं गंमत करताहेत. जिनिंगमध्ये महिनोन्महिने स्टूल टाकून बसलेला माणूस, ऑपरेटरचा चहाचा हात ओळखणारा, आणि त्याला मुहूर्त माहीत नाही! पण त्यांना खरंच माहीत नव्हता. दरवर्षी चार ठिकाणची आमंत्रणं यायची आणि ते एकाही ठिकाणी जायचे नाहीत. स्टूल टाकून बसायचे ते साध्या दिवसांत. कार्याच्या दिवशी कधीच नाही.

आम्ही त्यांच्या स्कूटरवर गेलो. मागे ट्रॅक्टरांची रांग लागलेली, सगळ्यांचे डोळे आमच्यावर. सरांनी अट काढून टाकली, पावती निघाली, टाळ्या वाजल्या. मग त्यांनी जे केलं ते करायची काही गरज नव्हती. ते त्या शेला-टोपी घातलेल्या शेतकऱ्यापुढे जाऊन उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “काका, तुमची गाडी माह्यामुळं थांबली. मशीनची चूक नाही, माही हाये.”

शेतकरी मोठा मिश्कील होता. “असू द्या हो सर. मशीनले बी नारळ लागत असन. तुम्ही फोडला नसन.”

सगळे हसले. सरही हसले, पण मान खाली घालून. परत येताना रस्त्यात एका टपरीवर त्यांनी स्कूटर थांबवली. चहा सांगितला आणि मी काही विचारलेलं नसताना म्हणाले, “कार्यात गेलं का लोकं आपल्याशी बोलता बोलता मागं पाहतात वं. अजून कोणी आलं का संगं, म्हणून. मागं कोणीच नसते. म्हणून म्या जाणंच सोडलं.” मग चहा आल्यावर, “एकट्या माणसाच्या प्रोग्रॅममधी एकट्या माणसाच्या चुका असतात. त्या त्याले कशा दिसतीन?”

मला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मी काहीतरी फालतू बोलले, बहुतेक चहात साखर जास्त आहे असं काहीतरी. पुढच्या हंगामापासून मुहूर्ताची आमंत्रणं मी टेबलावर काढून ठेवायला लागले आणि आम्ही दोघं जायला लागलो. सर इस्त्रीचा शर्ट घालायचे. कोणी मागे बघितलंच तर मी दिसायचे.

मला पुण्याला त्यांनीच पाठवलं. मी खुशीत होते, धाडमध्ये वडील आता गिअर न बदलता उत्तर द्यायला लागले होते. पण एक दिवस वाचता वाचता सर थांबले आणि म्हणाले, “आजकाल तू माह्यासारखंच लिहून राह्यली.” मला वाटलं कौतुक आहे. ते कौतुक नव्हतं. “मी जिथं आंधळा तिथं तू बी आंधळी होऊन राह्यली. तुले धा लोकांनी वाचलं पाह्यजे. इथं मी एकटाच.” त्यांनी मुंबईच्या जुन्या ओळखी काढल्या, त्यातून पुण्याच्या कंपनीत मुलाखत ठरली, आणि मी निवडले गेले.

“आणि तुमचं कोण वाचणार, सर?” मी विचारलं.

“पाटी हाये न,” ते म्हणाले. पाटी पावसाने केव्हाच लगदा होऊन गेली होती, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी निघाले त्या दिवशी ते स्टँडवर आले नाहीत. जलंबला गेले होते.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात मी एका ठिकाणी ‘रिकामीगाडी’ असं नाव दिलं आणि अख्खी टीम हसली. मीही हसले आणि नाव बदललं. कंपनी वाईट नव्हती. पगार वेळेवर व्हायचा आणि माणसं गोड बोलायची. पण ज्या दहा जणांसाठी सरांनी मला पाठवलं होतं, ते मला भेटलेच नाहीत. मी लिहिलेलं समोरच्याच्या पडद्यावर जायचं आणि क्षणात एक अंगठा उमटून परत यायचा. छान. ठीक. पुढे जाऊ दे. मग घरून काम सुरू झालं आणि माणसं नुसत्या आवाजावर आली. आता तर बरंचसं यंत्रच लिहितं आणि यंत्रच तपासतं. माझ्या हाताखाली माणसं आहेत, हुद्दा मोठा आहे, आणि माझी एक ओळही कोणी मोठ्याने वाचून किती वर्षं झाली ते मला आठवत नाही.

एका दिवाळीला धाडला आले होते तेव्हा न कळवता खामगावला गेले. दुपार होती. जिन्यात ढेपेचा तोच वास. अर्ध्या जिन्यात असतानाच वरून सरांच्या वाचण्याचा आवाज आला आणि मला फार बरं वाटलं, म्हणजे कोणीतरी मिळालं होतं तर. वाचता वाचता आवाज थांबला. मग तोच आवाज, जरा बारीक करून, म्हणाला, “कळलं नाही, सर.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मोज्यांतली पावलं टेबलाला वळसा घालून गेली. दुसरी खुर्ची करकरली. “मंग लिहिणाऱ्याचं चुकलं,” सर म्हणाले, आणि बटणं वाजायला लागली.

मी जिन्यात बसले. रडू आवरेपर्यंत वर जाणं शक्य नव्हतं. मग मुद्दाम चपला आपटत वर गेले. सर लिहायच्या खुर्चीत होते, खाली वाकलेले, पार वाळलेले. मला बघून त्यांनी ‘कधी आली’ वगैरे काही विचारलं नाही. समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मी वाचत राहिले, संध्याकाळची शेवटची गाडी पकडायची वेळ होईपर्यंत. दोनदा अडले. दोन्ही वेळेला त्यांनी टेबलावर हात मारला.

निघताना म्हणाले, “तिथं वाचतात न तुहं?”

“वाचतात, सर.”

“मोठ्यानं?”

मी चपलेत पाय घालत होते. ते घालायला जरा जास्तच वेळ लावला. सरांनी पुन्हा विचारलं नाही.

गेल्या हंगामाच्या तोंडावर मुनीमजींचा फोन आला. “सर गेले वं बाई. दवाखान्यात नेलं होतं, पण आलेच नाही वापस.” मग संकोचत, “नवा काटा बसोला हाये. प्रोग्रॅममधी थोडं बदलावं लागन. दुसऱ्या कोणाले काही समजन असं वाटत नाही.” त्यांनी आणखी एक सांगितलं. मी गेल्यावरही सर दरवर्षी मुहूर्ताला यायचे. सगळ्यांच्या नंतर, भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. “त्यांच्या मागं भिंतच असे,” मुनीमजी म्हणाले. भिंत का, ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

खोलीची किल्ली ढेपेच्या दुकानात ठेवली होती. आत टेबल, दोन खुर्च्या, दोन पडदे, सगळं तसंच. लिहायच्या खुर्चीखाली मोजे. मी माझ्या खुर्चीत बसले आणि मोठ्याने वाचायला लागले. रिकाम्या खोलीत आधी लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. सगळं निवळशंख होतं. भरलीगाडी आली, मुहूर्ताची गाडी आली, तिच्या भावाला वेगळी वाट करून दिलेली होती. कुठेही अडायला झालं नाही.

अगदी शेवटी, त्यांनी सगळ्यात उशिरा लिहिलेल्या भागात, एका नावाच्या जागी नुसतं ‘र’ होतं.

मला आधी वाटलं माझंच बघण्यात काही चुकतंय. पुन्हा वाचलं. एकच अक्षर. ज्या माणसाने मला ‘तुह्या बापाले तू ब म्हणते काय’ विचारलं होतं, त्याने लिहिलेलं. हात चालत नसतील तेव्हा. किंवा टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीपर्यंत यायचं बळ उरलं नसेल.

“कळलं नाही, सर,” मी म्हटलं, आणि थांबले.

बराच वेळ थांबले. ते जलंबला गेले आहेत आणि गाडी यायचीय, असं धरून थांबले. खाली दुकानात कोणीतरी ढेपेचं पोतं आपटलं.

मग मी उठले, टेबलाला वळसा घातला आणि त्यांच्या खुर्चीत बसले. तिथे मी कधीच बसले नव्हते. “मंग लिहिणाऱ्याचं चुकलं,” मी म्हणाले, आणि तो ‘र’ खोडून ‘रिकामीगाडी’ असं पूर्ण नाव लिहिलं.

मग परत समोर येऊन पहिल्यापासून वाचायला लागले.